दप्तर स्वतःविषयी काय सांगते?

लोणी-धामणीकडचा शेतकरी विहिरीवर बसवायला पंप घ्यायचा म्हणून मंचरला जातो, तेव्हा नुसता रंग पाहून पैसे मोजत नाही. पंपाच्या अंगावर पत्र्याची एक पट्टी ठोकलेली असते. ती तो आधी वाचतो. बारीक अक्षर दिसत नसेल तर बरोबरच्या पोराला वाचायला सांगतो. अश्वशक्ती किती, पाणी किती उंच चढेल, वीज किती दाबाची लागेल, हे सारे त्या पट्टीवर असते. आंबेगाव तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग पावसाला पारखा, इथले पाणी खोल. तेव्हा आमच्या लेखी त्या पट्टीवरचा सगळ्यांत मोलाचा आकडा म्हणजे पंपाची हद्द. अमुक मीटरपर्यंत पाणी चढवीन, त्यापुढे माझ्याने होणार नाही, हे पंपाने आधीच सांगून ठेवलेले असते. ते न वाचता पंप घरी आणला आणि पाणी वर आले नाही, तर बोल कुणाला लावायचा?

आता पंपाइतकेच आपल्या संसाराशी जोडलेले दुसरे एक साधन गावोगाव आले आहे. आपला सातबारा, मुलांची शिष्यवृत्ती, शिधापत्रिका, पीकविमा, सोसायटीचे कर्जखाते, ह्या सगळ्यांच्या नोंदी आज संगणकातल्या दप्तरात असतात. शिकलेली मुले त्याला डेटाबेस म्हणतात. हे दप्तर लाल फडक्यात बांधलेले नाही. ते सोडून, पाने उलटून पाहता येत नाही. मग त्याची ताकद किती आणि हद्द किती, हे सांगणारी पट्टी कुठे ठोकलेली असते? ती कुणी लिहिली? आणि तिच्यावर विश्वास किती ठेवायचा? आज ह्याच तीन प्रश्नांविषयी आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

सुरुवात आपल्या ओळखीच्या दप्तरापासून करू. तलाठ्याच्या कामाला एकवीस गाव नमुने ठरवून दिलेले आहेत. नमुना एक म्हणजे जमिनीची मूळ नोंदवही. क्षेत्र आणि आकार तिथे. नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही. नमुना सात म्हणजे जमीन कुणाच्या नावे, कोणत्या हक्काने. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. सात आणि बारा एका कागदावर आले आणि सातबारा हा शब्द जन्माला आला. आठ-अ मध्ये एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र पाहायला मिळते. कोणत्या नमुन्यात कोणता रकाना, त्यात काय लिहायचे, कुणी लिहायचे, हेही ठरलेले असते. नवा तलाठी बदलून आला की गावाची माहिती त्याला नंतर होते. आधी त्याला हे नमुने ठाऊक असावे लागतात. म्हणजे पाहा, दप्तरात दोन प्रकारची माहिती असते. एक गावाविषयीची, आणि दुसरी त्या दप्तराविषयीची.

संगणकाच्या दप्तरातही हेच दोन प्रकार असतात. दप्तराने स्वतःविषयी ठेवलेल्या माहितीला कॅटलॉग म्हणतात. आत कोणकोणते तक्ते आहेत, कोणत्या तक्त्यात कोणते रकाने, कोणत्या रकान्यात आकडा आणि कोणत्यात अक्षरे, कुणाला वाचायची मुभा आणि कुणाला लिहायची, हे सगळे ह्या कॅटलॉगमध्ये असते.

ह्यातली खुबी एका माणसाने फार नेमकी सांगितली आहे. एडगर कॉड हे त्यांचे नाव. आयबीएम कंपनीत काम करताना १९७० साली त्यांनी एक निबंध लिहिला. माहिती साध्या तक्त्यांत, म्हणजे ओळी आणि रकाने ह्यांत, मांडावी, ही त्यातली कल्पना. आजची बहुतेक मोठी दप्तरे तिच्यावरच उभी आहेत. पुढे १९८५ साली त्यांनी अशा दप्तरासाठी काही नियम सांगितले. त्यांतला चौथा नियम आपल्या कामाचा आहे. दप्तराने स्वतःविषयीची माहितीही इतर माहितीसारखीच तक्त्यांत ठेवावी, आणि ज्या भाषेत बाकीचे प्रश्न विचारतो त्याच भाषेत तीही विचारता यावी, असा तो नियम आहे. म्हणजे ज्या बोलीत आपण दप्तराला विचारतो, "लोणीत यंदा बाजरी किती?", त्याच बोलीत विचारता यावे, "बाबा रे, तुला स्वतःला काय काय येते?" ह्या बोलीचे नाव एस्क्यूएल. १९९२ साली ह्या भाषेचे जे प्रमाण ठरले, त्यात दप्तराच्या आत्मपरिचयासाठी एक ठराविक कप्पा नेमून दिला. त्याला इन्फर्मेशन स्कीमा म्हणतात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पोस्टग्रेस नावाचे एक दप्तर आहे. अमेरिकेतल्या बर्कली येथील विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर ह्यांच्या हाताखाली त्याचे काम सुरू झाले. १९९६ साली त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळाले. ते फुकट मिळते, त्याची आतली रचना कुणालाही वाचता येते, आणि जगभरची मंडळी मिळून ते सांभाळतात. एखाद्या शाळेच्या साध्या संगणकावरही ते बसवता येते. म्हणून गुरुजींना करून पाहायला हेच सोयीचे.

ह्या दप्तरात २००३ सालापासून इन्फर्मेशन स्कीमाचा तो कप्पा आहे. त्यात एक तक्ता आहे, एस्क्यूएल फीचर्स. प्रमाणग्रंथाने जी जी कामे सांगितली, त्यांची यादी तिथे ओळीने मांडलेली आहे, आणि प्रत्येकापुढे रकाना आहे: येते की नाही? उत्तर होय किंवा नाही. त्यातली मौज अशी की, जे येत नाही तेही यादीतून गाळलेले नाही. दुकानदार आपल्या पाटीवर नसलेला माल लिहीत नाही. ह्या दप्तराने मात्र आपल्याजवळ काय नाही, तेही पाटीवर लिहिले आहे.

एक नमुना सांगतो. यादीत एफ ५२१ ह्या क्रमांकाला एक काम आहे. अनेक तक्त्यांना मिळून लागू होईल अशी एखादी अट दप्तराला एकदाच सांगून ठेवायची, आणि ती मोडणारी नोंद त्याने घेऊच नये, असे ते काम. आपल्याला हे चांगले समजेल. एका गटाचे क्षेत्र एका तक्त्यात आहे, आणि त्या गटातल्या भावाभावांचे हिस्से दुसऱ्यात. सगळ्या हिश्श्यांची बेरीज गटाच्या क्षेत्राइतकीच भरली पाहिजे, ही अट. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि आकारबंदातले क्षेत्र जुळत नाही, अशी प्रकरणे महसूल खात्याला नवी नाहीत, आणि त्यापायी भाऊबंदांनी कचेरीचे उंबरे किती झिजवले, ते आपण जाणताच. तेव्हा अशी अट घालता आली तर किती बरे! पण पोस्टग्रेसच्या यादीत ह्या कामापुढे चक्क 'नाही' असे उत्तर आहे. तो जाब दुसऱ्या रीतीने, थोडे जास्त कष्ट घेऊन, बसवता येतो. पण ते कष्ट कुणी तरी घ्यायला हवेत. यादी न वाचता, "संगणक आहे ना, तो बेरीज तपासत असेलच," असे धरून चालणारा माणूस इथे फसला.

एफ ६७१ ह्या दुसऱ्या एका कामापुढेही 'नाही' आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे की हे हेतुपुरस्सर सोडले आहे. न जमणे आणि जाणूनबुजून न करणे, ह्या दोन गोष्टी वेगळ्या. शेऱ्याच्या दोन शब्दांनी तो फरक सांगितला.

दुसरा तक्ता हद्दीचा. त्याचे नाव एस्क्यूएल सायझिंग. एका तक्त्यात जास्तीत जास्त किती रकाने? उत्तर १६००. गणिताच्या गुरुजींनी ह्या तक्त्यातली एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. काही हद्दींपुढे आकडा आहे, काहींपुढे शून्य आहे, आणि काही ठिकाणी जागा कोरी असू शकते. शून्याचा अर्थ इथे 'काहीच मावत नाही' असा नाही. शून्य म्हणजे हद्दच नाही, किंवा हद्द आहे पण ती सांगता येत नाही. कोरी जागा म्हणजे ज्या कामाची ही हद्द, ते कामच येत नाही. वर्गात आपण शून्य आणि कोरी जागा ह्यांत भेद करायला शिकवतो. उत्तर चुकले म्हणून शून्य मिळालेला मुलगा निराळा, आणि परीक्षेला आलाच नाही तो निराळा. तोच भेद हा, फक्त अर्थ समजून घेऊन वाचायला हवा.

आता हे वाचले नाही तर काय होते, ते गुरुजींच्याच कामातून पाहू. समजा शाळेच्या नोंदवहीसाठी आपण एक तक्ता केला आणि रकान्यांना शुद्ध मराठी नावे दिली. एका रकान्याचे नाव 'विद्यार्थ्याच्या वडिलांचे नाव', दुसऱ्याचे 'विद्यार्थ्याच्या वडिलांचा व्यवसाय'. आपल्याला वाटेल, ह्यात काय अवघड? पण दप्तर दुसरा रकाना घेणार नाही. म्हणेल, ह्या नावाचा रकाना आधीच आहे. गुरुजी डोके खाजवतील. दोन्ही नावे वेगळी दिसताहेत की!

कारण हद्दीच्या तक्त्यात आहे. रकान्याच्या नावाची हद्द तिथे ६३ लिहिली आहे, आणि शेजारी शेरा आहे, की लिपीप्रमाणे ती कमीही भरेल. हे ६३ म्हणजे बाइट, संगणकाच्या साठवणीची मापे. इंग्रजीचे एक अक्षर एका मापात मावते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो, वेलांटी असो की पाय मोडल्याची खूण असो, तीन तीन मापे घेते. 'विद्यार्थ्याच्या' हा एक शब्द सुटा केला तर त्यात सोळा चिन्हे निघतात. फळ्यावर मांडून पाहा. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. मोकळ्या जागेचे एक, झाली एकोणपन्नास. उरली चौदा, त्यांत आणखी चार चिन्हे बसतात: व, ड, वेलांटी आणि ल. पुढचे सारे छाटले जाते. दोन्ही नावे 'विद्यार्थ्याच्या वडिल' इथेच तुटतात आणि एकसारखी होतात. ही हद्द रकान्याच्या नावाला आहे, आत लिहायच्या मजकुराला नाही. मुलाचे नाव कितीही लांब असले तरी आत सुखाने राहील. पण इंग्रजीत ज्याला कधी अडचण आली नाही, त्याला मराठीत आली. ज्यांनी हद्दीपुढे शेरा लिहिला, त्यांनी आपली भाषा पाहिली नसेल. पण निरनिराळ्या लिपींचा विचार मात्र त्यांनी केला होता. वाचणाऱ्याचे काम वाचणाऱ्यानेच करायचे.

दुसरा प्रसंग. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे गुण दप्तरात भरले. एक मुलगा तापाने घरी होता. त्याच्या गुणांची जागा कोरी ठेवली. मग दप्तराला सांगितले, जास्त गुणांपासून कमी गुणांकडे यादी लाव. यादी आली, आणि पहिल्या क्रमांकावर कोण? तापाने घरी असलेला मुलगा! दप्तर बिघडले काय? मुळीच नाही. कोरी जागा सगळ्या आकड्यांहून मोठी धरायची, असा पोस्टग्रेसचा रिवाज आहे, आणि तसे त्याने कॅटलॉगमधल्या तिसऱ्या एका तक्त्यात लिहूनही ठेवले आहे. कोऱ्या जागा शेवटी ठेव, एवढे दोन शब्द जास्त सांगितले की यादी ठीक लागते. पण न पाहता ती यादी तशीच वर पाठवली, तर ज्या पोरीने कंदिलाशी बसून अभ्यास केला, तिचा नंबर एकाने खाली जायचा. तेवढ्याने तिची शिष्यवृत्तीही जाऊ शकते. चूक कुठे झाली, हे कुणाला कळायचेही नाही.

आता तुम्ही म्हणाल, ह्या यादीवर तरी विश्वास ठेवावा काय? रास्त प्रश्न आहे. ही यादी यंत्र स्वतःची परीक्षा घेऊन भरीत नाही. ती माणसे भरतात. एस्क्यूएल फीचर्स ह्या तक्त्यात 'होय-नाही'च्या शेजारी आणखी एक रकाना आहे: हे कुणी पडताळले? आणि तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा आहे. कारणही त्यांच्या ग्रंथात दिले आहे: प्रमाणाप्रमाणे सारे आहे की नाही, ह्याची रीतसर तपासणी ही मंडळी करीत नाहीत. पाहा, रकाना काढून टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. खोटा शिक्का मारला असता तर कित्येकांनी तो खरा मानला असता. त्यांनी रकाना ठेवला, आणि कोरा ठेवला. २०२३ सालच्या प्रमाणाच्या गाभ्यात १७७ कामे सक्तीची आहेत. त्यांपैकी निदान १७० आपल्या दप्तराला येतात, असे ह्या मंडळींनी २०२४ सालच्या सतराव्या आवृत्तीबरोबर सांगितले, आणि सगळी कामे पूर्ण करणारे दप्तर आजमितीस एकही नाही, हेही जोडून सांगितले.

हा कॅटलॉगही संपूर्ण नाही बरे का. एका तक्त्याचे एकूण आकारमान किती वाढू शकेल, ही हद्द त्या तक्त्यात नाही. ती ग्रंथाच्या परिशिष्टात शोधावी लागते. म्हणजे पट्टी वाचल्यावरही पुस्तक मिटून ठेवता येत नाही.

इथून आपण पुन्हा सातबाऱ्याकडे येऊ, कारण आपल्या घरात प्रत्यक्ष येणारे दप्तराचे पान तेच. सातबाऱ्यालाही त्याची हद्द कायद्याने लिहून दिलेली आहे, पण ती सातबाऱ्याच्या कागदावर नाही. ती १९६६ सालच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. तिचे १५७ वे कलम सांगते, की अधिकार अभिलेखातली नोंद आणि फेरफाराची प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत, किंवा तिच्या जागी रीतसर नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाईल. शब्द नीट ऐका. खरी 'मानली जाईल', आणि 'उलट सिद्ध होईपर्यंत'. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून मालकी जन्माला येत नाही, आणि नाव गळले म्हणून बहिणीचा हक्क मरत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. तसेच बांध कुठून जातो, हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याचा नकाशा आणि मोजणी. सातबाऱ्याचा कागद हातात धरून बांधावर भांडणारे दोघे भाऊ त्याला जे येत नाही तेच विचारीत असतात.

पडताळणीचा रकाना सातबाऱ्यालाही आहे. फेरफार लिहिला गेला म्हणजे संपले नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हाती लिहिण्याच्या काळात प्रमाणित होईपर्यंत नोंद शिसपेन्सिलीने ठेवीत, नंतर शाईने. पेन्सिल पाहिली की अडाणी माणसालाही कळे, हे अजून कच्चे आहे. संगणकाच्या पडद्यावर पेन्सिल आणि शाई डोळ्याला सारखीच दिसते. म्हणून तिथे विचारूनच घ्यावे लागते. संकेतस्थळावर नुसता पाहायला मिळणारा सातबारा माहितीपुरता. कचेरीत चालायचा तर २०१८ सालापासून मिळू लागलेला डिजिटल सहीचा सातबारा घ्यावा. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, तेव्हापासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करायची आहे. म्हणजे नमुना बाराच्या खरेपणाचा काही भार आता आपल्याही शिरावर आला.

तेव्हा श्रोतेहो, गावात, शाळेत, सोसायटीत कोणतेही नवे दप्तर आले, की चार प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ. ह्याला काय येते? काय येत नाही? हद्द किती, आणि ती आपल्या मराठीला किती? आणि हे कुणी पडताळले? विकणारा मनुष्य पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपणहून देईल. उरलेली तीन उत्तरे मागून घ्यावी लागतात. ज्याच्यापाशी ती लिहिलेली असतील, तो चांगला कारागीर समजावा. ज्याच्यापाशी 'आम्हांला सगळेच येते' एवढेच असेल, त्याच्यापाशी जरा थांबावे.

गुरुजनांना एक विनंती. वर्गातल्या मुलांकडून शाळेच्या हजेरीपटाचाच एक लहानसा कॅटलॉग करून घ्या. ह्या पटावरून काय कळते, ते एका बाजूला. काय कळत नाही, ते दुसऱ्या बाजूला. मुलगा गैरहजर होता, हे पटावरून कळते. तो ऊसतोडीला गेला होता, की आजारी होता, की घरी धाकट्या भावाला सांभाळीत होता, हे कळत नाही. दुसरी बाजू मुले लिहू लागली, की त्यांना दप्तर समजू लागले असे म्हणायला हरकत नाही.